बोहाड्याची रात्र

रात्रीची करमणूक म्हटली की आपल्याला मुंबई आठवते, फार तर नाशिक शहर आठवते. पेठ काही आठवत नाही. नाशिकहून धरमपूरच्या रस्त्याला लागावे, सावळघाट ओलांडावा, की सुमारे 55 किलोमीटरवर नागली, वरई आणि भात पिकवणारा हा डोंगराळ तालुका लागतो. संध्याकाळ कलली की बाजार उठतो. मग इथला माणूस रात्री करतो तरी काय? मी म्हणतो, तो शहरातल्या माणसापेक्षा जास्त जागतो, आणि तेही तिकीट न काढता.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पेठ, सुरगाणा, हरसूल, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात बोहाडा चालतो. कोणी त्याला भोवाडा म्हणतात, कोणी भवाडा. प्रत्येक गावाची तिथी वेगळी, रात्रीही कुठे कमी कुठे जास्त. रंगमंच वगैरे काही नाही. गावातली वाट हाच रंगमंच. दोन्ही कडांना बायामाणसे, पोरेबाळे दाटीने बसतात आणि मधल्या पट्ट्यातून सोंगे येतात. आधी गणपती, मग सरस्वती, आणि मग खंडेराव, नरसिंह, वीरभद्र, त्राटिका, रावण अशी रांगच लागते. मुखवटे लाकडाचे, नाहीतर कागदाच्या लगद्याचे. काही इतके अवजड की पाठीमागून एकाने आधार द्यावा लागतो. सोंग चार पावले नाचत पुढे येते, गर्रकन वळते, मागे जाते, पुन्हा येते. बोलणे फारसे नाहीच. जे सांगायचे ते संबळ आणि सनई सांगतात. पहाटेच्या सुमारास जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते, तोवर लहान मूलसुद्धा जागेवरून हलत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवायचे, असा मान ठरलेला असतो. दिवसा ज्याच्या खांद्यावर नांगर, रात्री त्याच्याच खांद्यावर रावणाची तोंडे. पाहणारा आणि नाचणारा यांच्यात पडदा नाही. ज्याला आज पाहिले तोच उद्या शेजारी बसून विडी ओढणार!

बोहाड्याखेरीजही रात्री आहेत. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव येतो, तेव्हा कोकणा मंडळींची पावरी घुमते. वारल्यांचा तारपा तुम्ही चित्रांत पाहिला असेल. सुकवलेला भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेतो आणि त्याच वेळी गालातली हवा फुंकीत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. पण मला सर्वांत नवल वाटते ते थाळीचे. साधी पितळी थाळी, तिच्यावर मेणाने उभी केलेली एक बारीक काडी. त्या काडीवरून बोटे ओढली की थाळी गुंजारव करू लागते, आणि त्या गुंजारवावर एकटा माणूस रात्रभर कथा सांगतो. वाद्याची किंमत विचाराल तर घरातल्या एका भांड्याची.

आता दारूचे. पाहुणे येतात आणि 'हे लोक पिऊन नाचतात' एवढेच घेऊन परततात. मोहाचे फूल याच दिवसांत गळते, ते वेचले जाते, आणि त्याची दारू निघते, हे खरे आहे. पण पहिली धार जमिनीवर, देवाच्या नावाने पडते. ती या संस्कृतीत मुळात नैवेद्य आहे. 1878 साली पेठ संस्थान खालसा झाले, आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली, आणि परवान्याच्या दुकानाची दारू कायदेशीर ठरली. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. दारूने या भागातली घरे बुडाली नाहीत असे मी म्हणणार नाही, बुडाली आहेत. मात्र त्याचे माप बोहाड्याच्या पदरात टाकणे अन्याय आहे.

तुलनेला एक दूरचा मुलूख घेतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा परगणा आहे. तिथे गावोगावी पब आहेत. पब म्हणजे दारूचा गुत्ता खराच, पण गावाची चावडीही तीच. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन गावकरी बसतात आणि श्रोत्यांकडे नव्हे, एकमेकांकडे तोंड करून वाजवतात. आपल्याला वाटते ही प्रथा शतकानुशतकांची असेल. तसे नाही. पूर्वी हे संगीत शेतकऱ्यांच्या घरात, नाचाच्या रात्री वाजे. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू केला, आणि त्याच्या धाकाने घरातले नाच ओसरले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला मजुरीला गेलेल्या आयरिश माणसांनी तिथल्या पबांत आपली वाद्ये काढली, आणि ती रीत हळूहळू मायदेशीही रुजली. म्हणजे बिऱ्हाड हलले तेव्हा गाणेही बरोबर गेले, त्याला बसायला एक कोपरा मिळाला, म्हणून ते टिकले.

पेठचा मजूरही बिऱ्हाड हलवतो. दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिकच्या बांधकामांवर जातो. तिथे त्याच्या संबळाला कोपरा कोणता? पत्र्याच्या खोलीत दहा माणसे झोपतात, तिथे पावरी कशी फुंकायची? उन्हाळ्यात तो गावी परततो तेव्हा बोहाडा भरतो, पण त्याच्या पोराच्या कानात आता डीजेचा ठोका बसलेला असतो. काही ठिकाणी सोंगामागे कर्णे लावतात. मग संबळवाला हात चालवतो खरा, पण तो ऐकू कोणालाच येत नाही.

क्लेअरमध्ये विली क्लॅन्सी नावाचा पाइप वाजवणारा 1973 मध्ये वारला. त्याच वर्षी त्याच्या नावाने मिलटाउन मालबे या त्याच्या गावी उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली, ती दर जुलैत भरते. सकाळी जुने वादक शिकवतात, रात्री पबांत सगळे मिळून वाजवतात. पेठला असे काही अशक्य का असावे? वैशाखात शाळांना सुटी असते. संबळ शिकवणारे हात अजून आहेत, त्यांना दिवसाची मजुरी द्यावी, म्हणजे त्यांना बागेत जावे लागणार नाही. आमच्या कॉलेजातली मुले अशा घरांतूनच येतात. प्राध्यापकाने प्रबंध लिहावा, जरूर लिहावा, पण आधी त्या घरी जाऊन कोणते सोंग कोणाचे आणि कोणता ठेका कोणत्या सोंगाचा, एवढे तरी म्हाताऱ्यांच्या तोंडून टिपून घ्यावे.

आणि तुम्ही स्वतः बोहाडा पाहायला आलात तर अंगावर पांघरूण आणा, पहाटे डोंगरातला वारा झोंबतो. वाटेच्या मधोमध उभे राहू नका. मोबाईलचा प्रकाश सोंगाच्या तोंडावर मारू नका. मुखवट्याला दोनच बारीक भोके असतात, आतल्या माणसाला आधीच कमी दिसते.