परिचारिका कीं वैद्यसहायक?



बारावी झालेल्या आपल्या मुली विचारतात, "परिचारिका व्हावें कीं फिजिशियन असोसिएट, म्हणजे वैद्यसहायक?"

वैद्यसहायकाचें शिक्षण आपल्या देशांत १९९२ सालीं त्या वेळच्या मद्रासेंत सुरू झालें. २०२१ च्या कायद्यानें त्या व्यवसायास मान्यता मिळाली. पण तो काम करतो डॉक्टरांच्या हाताखालीं. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत हें ठीकच. प्राणहिता गोदावरीस मिळते त्या आपल्या सिरोंच्याच्या रानांतील गांवीं आधीं डॉक्टर कोठें, हाच प्रश्न!

परिचारिकेची वाट निराळी. जी.एन.एम. झालेल्या मुलीस सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होतां येतें; अठरा महिन्यांच्या शिक्षणानें प्रसूतिकार्यांतील नर्स प्रॅक्टिशनर घडविण्याची योजनाहि २०१८ पासून आहे. उपकेंद्रावरील अधिकारी परिचारिका डॉक्टरांचा सल्ला दूरध्वनीवरून घेते खरी. परंतु नाल्यास पूर आला असतां रुग्णापुढें उभी असते ती एकटी. तिला तेलुगू व माडिया येत असेल, तर माझ्या मतें अर्धें काम झालें.

शहरांत राहावयाचें असेल तिनें वैद्यसहायकाची वाट खुशाल धरावी. जिला येथेंच राहावयाचें आहे, तिनें परिचर्येचा अर्ज भरावा. मात्र त्या संस्थेस भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, तें फी भरण्यापूर्वीं पाहून घ्यावें.