परतलेल्या पुतण्याची गोष्ट



आमचा पुतण्या विलायतेतील नोकरी सोडून मायदेशी, पुण्यास परतला. तेथे 1948 पासून सरकारी रुग्णालयात उपचाराचे बिल येत नाही. मात्र तज्ज्ञासाठी महिनोन्‌महिने तिष्ठावे लागते. येथे तज्ज्ञ त्याच दिवशी भेटतो, पण अनामत आधी. तेथे वर्षाकाठी 28 दिवस भरपगारी रजा कायद्यानेच. येथे रात्री दहालाही कचेरीचा फोन!

गतवर्षी आषाढात आमच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, छातीत कळ आली. धाडहून बुलढाणा गाठेपर्यंत आमचे प्राण कंठाशी आले. पुतण्या पहाटे पोचला. “विलायतेत असतास तर तेराव्यालाच आला असतास,” बंधूंनी खाटेवरूनच सुनावले.

सत्तरी गाठलेल्यांस 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते. बंधूंचे काढलेले नव्हते. गावभर अर्ज लिहून देणाऱ्या आम्हां मास्तरांस ते सुचले नाही. पुतण्याने ते काढूनच पुणे गाठले.