सायकल आपली, दुरुस्तीही आपली

सौंसर तालुक्यातील आपल्या बोरगावच्या वाटेवर सकाळी उभे राहावे. कोणी कारखान्याच्या पाळीला, कोणी संत्र्याच्या बागेला, तर कोणी शाळेला सायकलवरून निघालेले दिसते. परगावी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींना मध्य प्रदेश शासनाच्या योजनेतून सायकल मिळते. अशा मुलीची पुढील इयत्ता त्या दोन चाकांवरच उभी असते. परंतु बाभळीचा एक काटा टायरात शिरतो आणि सायकल अंगणात पडून राहते. दोन दिवसांचे आठ होतात, आणि मग घरातील कोणी म्हणते, "राहू दे आता शाळा!"

बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची रबरी धाव तयार केली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. चाकात हवा आली, तसे पंक्चरही आले. मात्र त्याचा उपाय अवघड नाही.

हवा गेली की प्रथम व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट लावावे. बुडबुडा आला तर दोष ट्यूबचा नसून आतील लहानशा रबरी नळीचा असतो. ती बदलली की काम झाले. बुडबुडा न आल्यास टायर एका बाजूने उतरवावा. मात्र टोकदार पेचकस वापरू नये, त्याने ट्यूबच चिमटते. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात फिरवावी. बुडबुडे येतील तेथे खूण करावी, जागा कोरडी करून काचकागदाने घासावी आणि सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. ओलेपणा जाईपर्यंत धीर धरून मग ठिगळ घट्ट दाबावे. त्यानंतर टायरच्या आतून जपून हात फिरवून काटा काढावाच. पुष्कळांचे श्रम येथेच वाया जातात. काटा तसाच राहतो आणि पुढच्या वळणावर हवा पुन्हा जाते.

साखळी उतरली तर ती आधी मागच्या लहान चक्रावर बसवावी, पुढच्या चक्राच्या खालच्या दात्यांत दोनचार कड्या अडकवाव्या आणि बोटे दूर ठेवून पायडल उलटे फिरवावे. वारंवार उतरत असल्यास मागच्या चाकाचे नट सैल करून चाक दोन्ही बाजूंनी सारखे मागे ओढावे. साखळीला तेल द्यावे. पण ते ब्रेकच्या रबरांना किंवा रिमला लागू देऊ नये. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. पावसाळ्यात मडगार्डखाली अडकलेली काळी माती काडीने काढावी.

एक पाना, पंप, ठिगळे, सोल्यूशन, काचकागद आणि टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, एवढे साहित्य एका पिशवीत मावते. मात्र सायकल मुलीची आणि पाना भावाच्या हाती, अशी वाटणी घरात करू नका. एखाद्या रविवारी अंगणात बादली मांडून तिच्याच हातून ट्यूब जोडून घ्या. ज्या दिवशी ती वाटेत थांबून स्वतः पंक्चर काढील आणि तासाला वेळेवर पोहोचेल, त्या दिवशी ती सायकल खऱ्या अर्थाने तिची होईल.