करंजगावचे डांगे, गिरणगावचे डांगे



आपल्याच निफाड तालुक्यातील करंजगावी १० ऑक्टोबर १८९९ रोजी श्रीपाद अमृत डांगे जन्मास आले. बाविशीच्या आतच, १९२१ साली, त्यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' ही पुस्तिका लिहिली. १९२४ साली कानपूर खटल्यात चार वर्षांची सजा घेतली. पण आम्हां युनियनवाल्यांना डांगे भेटतात ते १९२८ साली, मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकाशी.

मालकांना तेव्हा थोड्या माणसांकडून अधिक माग चालवून घ्यावयाचे होते. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अर्जुन आळवे अध्यक्ष, डांगे सरचिटणीस. आळवे स्वतः गिरणीत राबलेले. गिरणीगणिक कमिट्या झाल्या, खात्याखात्यांतली तक्रार वर जाऊ लागली. डांग्यांची खरी कमाई आम्ही हीच मानतो. भाषणाने सभा जिंकता येते. सहा महिने चूल थंड ठेवायची, तर निर्णय कामगाराला आपला वाटावा लागतो.

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी सरकारने पुढाऱ्यांना उचलले. १९३३ साली डांग्यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत ते आघाडीवर राहिले, १९५७ साली मुंबईतून लोकसभेत गेले. १९६२ साली पक्षाचे अध्यक्ष झाले. दोनच वर्षांनी पक्ष दुभंगला.

आता कडू घोट. १९७५ साली आणीबाणी आली आणि डांग्यांच्या पक्षाने तिला पाठिंबा दिला. त्याच वर्षी किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. संपाचे हत्यार म्यान करावे लागले. हा पाठिंबा कोणत्या गिरणी कमिटीला विचारून दिला होता? १९७८ साली पक्षाने आपली चूक मानली. डांग्यांना ते पटले नाही. १९८१ साली पक्षाने त्यांना काढून टाकले. २२ मे १९९१ रोजी मुंबईत ते निवर्तले.

कोणी म्हणतील, थोर माणसाचे उणे गावात कशाला काढावे? आम्ही म्हणतो, गावानेच काढावे. १९२८ चे डांगे आणि १९७५ चे डांगे एकच. बुद्धी तीच, वाणी तीच. फरक पडला तो निर्णयाच्या जागेत. पहिला फाटकापाशी झाला, दुसरा दिल्लीत.

लासलगावच्या बाजारातील हमाल असोत की द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या बाया, त्यांची संघटना बांधताना पुढारी किती मोठा हे विचारू नका. मजुरीचा आकडा ठरवताना त्या बाया खोलीत होत्या का, एवढे विचारा. करंजगावच्या या माणसाने आपल्या भरात हेच शिकविले, आणि त्यांच्या उतरत्या काळानेही तेच शिकविले.