इंजिन केव्हा रुसतं?

तापाचा रोगी दारात आला की चांगला वैद्य लगेच पुडी बांधायला घेत नाही. ताप केव्हा चढतो, पहाटे की दिवेलागणीला, अंग थरथरतं की घाम येतो, हे तो आधी विचारतो. यंत्राच्या दुरुस्तीतही रीत हीच असायला हवी. पण पुष्कळदा होतं असं, की इंजिन सुरू होत नाही म्हटलं की आज प्लग बदलला, उद्या पंप बदलला, परवा आणखी काही. मालकाचा खिसा हलका होतो आणि दोष मात्र होता तिथंच राहतो.

आजचं उदाहरण जरा दूरचं आहे. जर्मनीत तयार झालेली पोर्शे ९११ एससी ही शर्यतीच्या वळणाची गाडी. तिची मॉडेलं १९७८ ते १९८३ या सालांतली. आपल्या गावच्या रस्त्यावर ही गाडी दिसायची नाही. मग तिची कथा कशाला? अशासाठी, की तिला पेट्रोल पुरवणारी व्यवस्था जवळजवळ सगळी यांत्रिक आहे. दाब, स्प्रिंग, झडप आणि पडदा, एवढ्यांवर तिचा संसार चालतो. त्यामुळे बिघाड शोधायचा कसा, हे तिच्यावरून फार स्वच्छ समजतं.

या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला असतं. सहा सिलिंडर, तीन या अंगाला, तीन त्या अंगाला, आडवे निजवलेले. त्यांना थंड ठेवतो तो पंख्याचा वारा. हिला कार्ब्युरेटर नाही. बॉश कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ नावाची व्यवस्था तिला आहे. ती १९७३ साली पहिल्यांदा गाड्यांत आली. गाडीच्या पुढच्या भागातल्या टाकीतून विजेचा पंप पेट्रोल ओढतो आणि सुमारे ५ बार दाबानं मागं पाठवतो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार, असं धरून चाला.

इंजिन हवा ओढू लागलं की त्या हवेच्या वाटेवरची एक गोल तबकडी वर उचलली जाते. हवा जास्त, तर तबकडी जास्त उचलली जाते. तिच्या दांडीनं एक छोटा दट्ट्या वर सरकतो, बारीक फटी उघडतात आणि त्यांतून सहा नळ्यांनी सहा इंजेक्टरांना पेट्रोल जातं. या दट्ट्याच्या डोक्यावर वरून पेट्रोलचाच दाब ठेवलेला असतो. तो दाब कमी असला की तेवढ्याच हवेला दट्ट्या जास्त उचलला जातो आणि पेट्रोल जास्त मिळतं. म्हणून इंजिन थंड असताना हा दाब मुद्दाम कमी ठेवतात आणि ते तापलं की साडेतीन बारच्या आसपास नेतात. हे काम करणारा एक नियामक इंजिनावर बसवलेला असतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सारं सोपं आहे.

आता गाडी सुरू होत नाही. पहिली तपासणी पेट्रोलची नव्हे, बॅटरीची. सेल्फ मारला की इंजिन झपाट्यानं फिरतं का, की रडतकढत? बारा व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना दहा व्होल्टच्या खाली जाऊ लागली, तर आधी तिच्याकडे पाहावं. बॅटरी धड असेल, तर गिअरबॉक्सपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची पट्टी पाहावी. जुन्या गाडीत ती गंजते, आणि एवढ्याशा गंजापायी माणसं स्टार्टर बदलतात. मग ठिणगी. ती टायमिंगच्या दिव्यानं तपासावी. वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची खोड इथं मुळीच नको. तिच्यात हजारो व्होल्टचा झटका असतो.

इंजिन नीट फिरतं, ठिणगीही पडते, पण पकडत मात्र नाही. आता तो वैद्याचा प्रश्न विचारायचा : हे केव्हा होतं? रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी रुसते, की चांगली पळालेली गाडी वीस मिनिटं थांबवून पुन्हा सुरू करताना रुसते? या दोन तक्रारी दिसायला सारख्या आहेत. त्यांची कारणं मात्र बरीचशी वेगळी.

आधी सकाळचं रुसणं घेऊ. गार धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून थंड इंजिनाला खुराक जास्त लागतो. त्यासाठी एक वेगळी झडप असते. ती सेल्फ फिरत असताना काही सेकंदच जादा पेट्रोल उडवते. किती वेळ उडवायचं, हे इंजिनाच्या गारव्यावर चालणारा एक स्विच ठरवतो. त्या झडपेपर्यंत वीज पोचते का, हे आधी पाहावं. मग दाबाचा गेज लावून दट्ट्यावरचा दाब मोजावा आणि त्या दिवशीच्या तपमानाला पुस्तकात दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. दाब हवा त्यापेक्षा जास्त असेल, तर इंजिन उपाशी आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेडल दोनदा दाबलं की पेट्रोलची पिचकारी उडते. इथं तशी पिचकारी नाही. पेडल कितीही दाबलं तरी इंजिनाची भूक भागत नाही.

थंड इंजिनाशी झटापट करण्यात आणखी एक धोका आहे. हवेच्या वाटेवरची पेटी या गाडीत प्लॅस्टिकची असते. मिश्रण बिघडलं आणि इंजिन उलटं फुटलं, म्हणजे जाळ मागं आला, की ‘फट्’ आवाज होऊन ती पेटी तडकते. मग हवा तबकडीला न उचलता आडवाटेनंच आत शिरते. तबकडी उठत नाही, म्हणून पेट्रोल येत नाही, आणि कालपर्यंत नुसती कुरकुरणारी गाडी आज मुळीच सुरू होत नाही. म्हणून पुष्कळ मालक त्या पेटीवर स्प्रिंगचं झाकण असलेली सुटका-झडप बसवून घेतात. अशी चोरवाट आहे का, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. इंजिन संथ चालू असताना तेल ओतायचं झाकण उघडावं. इंजिन अडखळलं तर ठीक. त्याला काहीच फरक पडला नाही, तर दुसरीकडून हवा आधीच आत जात असावी.

आता गरम असतानाचं रुसणं. गाडी थांबली की पंखाही थांबतो, आणि इंजिनाची धग आजूबाजूच्या नळ्यांत भिनते. चालताना नव्हत्या तेवढ्या त्या नळ्या थांबल्यावर तापतात. गुरुजींना प्रेशर कुकरचं उदाहरण वर्गात देता येईल. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही. दाब सोडला की भसकन वाफ होते. पेट्रोलचंही तसंच आहे. इंजिन बंद झाल्यावरही नळ्यांत दाब टिकला, तर पेट्रोल पेट्रोलच राहतं. दाब गळला तर त्याची वाफ होते, आणि वाफेनं भरलेल्या नळीतून इंजेक्टरला काही मिळत नाही.

दाब टिकवणारे पहारेकरी मुख्यतः दोन. एक, पंपातली परत न जाऊ देणारी झडप. दुसरा, स्प्रिंग आणि पडदा असलेला दाबसाठवण्या. गेज लावून इंजिन बंद करावं आणि काटा किती वेळात किती उतरतो ते घड्याळ लावून पाहावं. साठवण्याच्या मागच्या नळीतून पेट्रोल येत असेल, तर आतला पडदा फाटला. इंजेक्टर किंवा ती थंडीची झडप थेंबथेंब गळत असेल, तर दाबही उतरतो आणि इंजिन ‘ओव्हर’ होतं. मग सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा भपका. म्हणजे पाहा, एका गाडीला पेट्रोल पोचत नाही, दुसरीला नको तेवढं पोचतं, आणि दोघींची तक्रार एकच : गरम असताना सुरू होत नाही. प्लग काढून पाहिला की तो कोरडा आहे की ओला, यावर बराच उलगडा होतो.

इथं सावधगिरीचा शब्द सांगितलाच पाहिजे. पाच बार दाबाचं पेट्रोल नळी सैल करताच फवाऱ्यासारखं उडतं. इंजिन गार होऊ द्यावं, बॅटरीची वायर काढावी, जोड चिंधी धरून हळूहळू सैल करावा. जवळ विडी-काडी नको, आग विझवण्याचं साधन मात्र हवं. आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळतात. जुन्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. तडकलेली नळी दिसली तर ती आधी बदलावी, बाकीचं मागाहून. गाडी उशिरा सुरू झाली तर चालेल, ती पेटता कामा नये.

आता आपल्या विहिरीवर येऊ. तिथलं डिझेल इंजिनही इंजेक्टरवरच चालतं. फरक एवढाच, की त्याला ठिणगी नसते. हवा दाबून तापवतात आणि त्या धगीनं डिझेल पेटतं. ते रुसलं तर हाच प्रश्न विचारा : केव्हापासून? टाकी कोरडी पडल्यावर असेल, तर पाइपात एअर धरली असणार, ती काढा. हँडल मारताना नळकांड्यातून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतं आहे पण पेटत नाही. धूरच नसेल, तर बहुधा डिझेलच पोचत नाही. नुसत्या धुराकडे नीट पाहिलं, तरी निम्मं काम होतं.

शिक्षक मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. वरच्या वर्गातल्या मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : केव्हा होतं, काय दिसतं, काय मोजलं. गावातलं एखादं रुसलेलं इंजिन, सायकलचा ब्रेक किंवा शाळेचा हातपंप घ्या आणि रकाने भरू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम लिहून ठेवायचा, हा नियम घालून द्या. आणि शेतकरी बंधूंनो, मिस्त्रीला बोलवाल तेव्हा ‘इंजिन बंद पडलं’ एवढंच सांगू नका. थंड होतं की गरम, धूर कसा होता, आदल्या दिवशी काय केलं होतं, हे सांगा. मिस्त्री शहाणा असेल तर तोही हेच विचारील; आणि न विचारता नवा पंप घालू म्हणाला, तर ‘आधी मोजून दाखवा’ असं म्हणायला संकोचू नका.