हळू बोला, फोनला तेवढं पुरतं

आज आपण माईकबद्दल बोलणार आहोत. स्टेजवरच्या माईकबद्दल नाही, आपल्या फोनला लागणाऱ्या माईकबद्दल.

फोनच्या कीबोर्डवर माईकचं छोटं चित्र असतं. ते दाबून बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. २०१७ साली गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी घेतली आणि आपल्या कितीतरी जणींचं काम हलकं झालं. चौथी-पाचवीत शाळा सुटलेली बाई आता गटाचं इतिवृत्त लिहिते, बँकेला अर्ज करते. जिची बोटं आखडतात, जिला बारीक अक्षर दिसत नाही, तीही लिहिते. जोडाक्षराला अडून सचिवपद नाकारणाऱ्या बायका ते पद सांभाळू लागल्या.

पण लिहिणं मुकाट्याने होतं, बोलणं मुकाट्याने होत नाही. आपली घरं कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहे. चूल इथे, पडवी तिथे, मध्ये फार तर एक पडदा. पडवीत सासरे बसलेले, पलीकडे दीर टीव्ही बघतोय, शेजारीण विरजण मागायला आलेली. अशा वेळी सचिवबाई फोनमध्ये मोठ्याने बोलली, की अमकीला इतक्या हजारांचं कर्ज, कारण पिशवीचं ऑपरेशन, मागचे दोन हप्ते थकले, तर ती गोष्ट वहीत पोचायच्या आधी गावात पोचते. गटात बाई मन मोकळं करते ते भरवशावर. घरात मारहाण होते म्हणून एखादीने वेगळं खातं मागितलं आणि ते भिंतीपलीकडे गेलं, तर त्याची किंमत तिला त्याच रात्री मोजावी लागू शकते. म्हणून माईक कोणता घ्यायचा हा प्रश्न आम्हाला छोटा वाटत नाही.

चांगल्या माईकने दोन परीक्षा पास व्हायला हव्यात. पहिली, हळू बोललेलं फोनला नीट कळलं पाहिजे. दुसरी, तेच बोलणं दाराशी बसलेल्या माणसाला कळता कामा नये. दुकानदार पहिलीबद्दल सांगतो. दुसरी आपली आपणच घ्यायची.

आधी आवाजाचं गणित समजून घेऊ. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं, की माईकला मिळणारी आवाजाची ताकद साधारण चौपट होते. एक फुटावरचा माईक तीन इंचांवर आणला तर सोळापट. पण टीव्ही आणि मिक्सर जिथे होते तिथेच राहतात, त्यांचा आवाज वाढत नाही. म्हणजे माईक जवळ आणला की आपला आवाज वर येतो आणि घरातला गलका मागे पडतो. महागाचा माईक हातभर लांब ठेवण्यापेक्षा स्वस्तातला माईक ओठांजवळ बरा.

फोनचा स्वतःचा माईक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. आपण फोन छातीपाशी धरतो, पडद्याकडे बघतो आणि मग आवाज चढवतो. तसं न करता फोनची खालची कड तोंडाच्या कोपऱ्याजवळ आणा, मध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि हळू बोला. कव्हरने ते बारीक भोक झाकलं नाही ना, त्यात पीठ किंवा धूळ बसली नाही ना, तेही बघा. पुष्कळ जणींचं काम एवढ्यावरच भागेल. बोलताना पडदा दिसत नाही ही एक अडचण आहे, म्हणून दोन वाक्यं बोलायची, थांबून वाचायची आणि पुढे जायचं.

एवढ्याने भागलं नाही तर वायरचे इअरफोन. त्यांच्या वायरवर हनुवटीच्या आसपास एक लहान डबी असते, त्यात माईक असतो. ती दोन बोटांत धरून तोंडाच्या कोपऱ्याशी न्या. आता फोन समोर धरता येतो आणि वाचताही येतं. पाचशे रुपयांच्या आत असे इअरफोन मिळतात, चार्ज करावे लागत नाहीत, आणि एक कान मोकळा ठेवला तर मागे कोण येऊन उभं राहिलं ते कळतं. गटासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर आम्ही हीच सांगू.

घेताना पीन बघा. गोल पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर त्यात माईकची जोडणी असते. दोनच रेघा असतील तर ती पीन फक्त ऐकण्याची, किंवा कॅमेऱ्याच्या माईकची. फोनला तो माईक सरळ चालत नाही. बऱ्याच नव्या फोनना गोल भोकच नसतं, तिथे सी-टाइप पीन लागते. म्हणून दुकानात फोन बरोबर न्या आणि लावून, रेकॉर्ड करून, ऐकून मगच पैसे द्या.

कॉलर माईक म्हणजे कपड्याला चिमट्याने लावायचा माईक. आमच्या केंद्रावर मुलाखतीला आम्ही तो वापरतो. पण बहुतेक कॉलर माईक चारही बाजूंचं सारखं ऐकतात, आणि छातीवर लावला तर तोंडापासून वीतभर लांब राहतो. नेहमीच्या आवाजाला ते चालतं, हळू आवाजाला कमी पडतं. शिवाय पदर घासला की खरखर होते, मंगळसूत्र आपटतं, बांगड्या वाजतात. हा माईक घरात असेलच तर चिमट्यातून काढून बोटांत धरा आणि ओठांजवळ न्या. मग तो उत्तम चालतो.

रोज तासभर लिहिणाऱ्या बाईला, म्हणजे गटांच्या वह्या सांभाळणाऱ्या ताईला किंवा आशाताईला, दांडीवाला हेडफोन सोयीचा. फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या मुली लावतात तो. कानावरून एक दांडी येते आणि माईक गालाशी थांबतो. हात मोकळे राहतात, अंतर बदलत नाही. यातले काही माईक एकाच बाजूने जास्त ऐकतात. ओळखायचं कसं? माईकच्या समोरून एक वाक्य बोला, मग त्याच अंतरावर मागून तेच वाक्य बोला. मागचं स्पष्टपणे बारीक आलं तर माईक एका बाजूचा. तो असेल तर त्याची पाठ टीव्हीकडे करायची.

ब्लूटूथचे बिनवायरचे इअरफोन आणि गळ्यातला पट्टा मुलींना आवडतात. पण त्यांचा माईक कानाशी किंवा गळ्याशी असतो, ओठांपासून लांब. गलका कमी करायला त्यांच्यात जी यंत्रणा असते, ती कधीकधी आपला हळू आवाजही गलका समजून कापून टाकते. मग शब्दांची शेपटं गळतात. आणखी एक गोष्ट. काही फोनमध्ये ब्लूटूथ जोडलेलं असलं तरी बोलून लिहिताना फोनचाच माईक चालू राहतो. आपण कानातल्या माईकशी हळू बोलतो आणि ऐकत असतो लांब ठेवलेला फोन. खात्री करायला बोलून लिहिणं सुरू करा, फोन चार पावलांवर ठेवा आणि हळू बोला. अक्षरं उमटली तर माईक कानातला. नाही उमटली तर फोनचा.

खोक्यावरचे शब्दही नीट वाचा. एएनसी लिहिलेलं असेल तर ती सोय आपल्या कानांसाठी, बाहेरचा गलका आपल्याला कमी ऐकू यावा म्हणून. ईएनसी लिहिलेलं असेल तर ती माईकसाठी. गलका बंद एवढं ऐकून पैसे देऊ नका.

आता हळू बोलणं म्हणजे काय ते पाहू. कुजबुजणं वेगळं आणि हळू बोलणं वेगळं. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि साध्या आवाजात ‘गाय’ म्हणा. बोटांना थरथर लागते. आता कुजबुजून म्हणा. थरथर गेली. ग आणि क, द आणि त, ब आणि प यांच्यातला फरक मुख्यतः या थरथरीचाच असतो. कुजबुजलं की ‘गाय’ आणि ‘काय’ सारखे होतात, ‘दार’ आणि ‘तार’ सारखे होतात, आणि बचत गटाचा बचत कट व्हायला वेळ लागत नाही. म्हणून गळा थरथरू द्या, फक्त आवाज खाली ठेवा. झोपलेल्या बाळाशेजारी आपण जसं बोलतो तसं. वाक्य सावकाश, शब्द सुटे, आणि वाक्याचा शेवट गिळायचा नाही.

माईक ओठांच्या अगदी समोर नको, कोपऱ्याशी हवा. प, फ, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत सुटतो आणि माईकवर थाड असा आवाज होतो. कोपऱ्याशी धरला की झोत बाजूने जातो. माईकला स्पंजची टोपी असेल तर आणखी चांगलं.

काही जणी म्हणतात, टीव्ही मोठा करून बोलावं, म्हणजे कुणाला कळणार नाही. यात एक खोच आहे. आजूबाजूला गलका असला की माणसाचा आवाज नकळत चढतो. एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव पडलं. टीव्हीमुळे आपण मोठ्याने बोलतो, फोनला टीव्हीतलंही ऐकू येतं, आणि इतिवृत्तात मालिकेतलं वाक्य घुसतं. त्यापेक्षा शांत कोपरा बघा, भिंतीशी किंवा धान्याच्या पोत्यांशी पाठ करून नाही तर त्यांच्याकडे तोंड करून बसा, आणि हळू बोला. पोती, गोधड्या, लटकवलेले कपडे आवाज पितात. उघड्या खिडकीकडे मात्र तोंड नको.

चार माणसांत गुपचूप बोलून लिहिण्याची गरज आपल्यालाच पडली असंही नाही. अमेरिकेत शिकागोमध्ये होरेस वेब नावाचे कोर्टातले लेखनिक होते. साक्षीदाराचा शब्द न् शब्द टिपायचा, तोही कोर्टाच्या कामात अडथळा न आणता. त्यांनी १९४० च्या दशकात तोंडावर धरायचा एक मुखवटा तयार केला आणि त्याच्या आत माईक बसवला. लेखनिक मुखवट्यात हळू बोलणार, माईक ऐकणार, शेजारच्याला शब्द कळणार नाही. त्याला स्टेनोमास्क म्हणतात. असे मुखवटे तिथल्या कोर्टांत पुढेही वापरात राहिले. आपल्याला मुखवटा नको, पण त्यातली युक्ती घेता येते. माईक ओठांशी आणि त्याभोवती तळहाताचा आडोसा. हात माईकला टेकू देऊ नका, नाहीतर आवाज घुमतो.

गळ्याला लावायचा माईकही असतो. दुसऱ्या महायुद्धात विमानातले आणि रणगाड्यातले सैनिक तो वापरत. तो गळ्याची थरथर पकडतो, त्यामुळे बाहेरचा गलका त्यात फारसा येत नाही. पण स, श, च ही अक्षरं जीभ आणि दात यांच्यापाशी घडतात, ती त्याला बोथट ऐकू येतात. लिहून घ्यायच्या कामाला तो आम्ही सुचवणार नाही.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. इतिवृत्तातल्या पाच ओळी निवडा, खोटी नावं घालून. जिच्यावर विश्वास आहे अशा मैत्रिणीला दाराशी बसवा. हळू आवाजात त्या ओळी बोला. मग फोनवर किती शब्द चुकले ते मोजा, आणि तिला किती शब्द कळले ते विचारा. माईक बदला, जागा बदला, पुन्हा बोला. ज्या माईकने दोन्हीकडचा आकडा कमीत कमी येतो, तो आपला माईक.

माईक कितीही चांगला असला तरी काही गोष्टी बोलायच्याच नाहीत. नाव बोलू नका, सदस्य क्रमांक बोला. रक्कम बोटांनी टाका. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर हळू आवाजात सहज गोंधळतात, आणि कर्जाच्या वहीत दहाचा फरक म्हणजे भांडण. आजारपण, मारहाण, नवऱ्याचं व्यसन अशी कारणं हाताने लिहा, मोजक्या शब्दांत, नाहीतर फक्त ‘घरगुती कारण’ लिहा. बोलून लिहिताना आपला आवाज बऱ्याचदा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो, हेही ध्यानात असू द्या. इंटरनेटशिवाय लिहून घेण्याची सोय आपल्या फोनमध्ये मराठीसाठी असेल तर ती भाषा आधी उतरवून ठेवा. आणि लिहून झालं की वाचून दाखवायचं ते बैठकीत, पडवीत नाही.

गटाचा माईक सगळ्या जणी वापरणार असतील तर स्पंजची टोपी ज्याची त्याची वेगळी ठेवा. माईक कोरड्या कापडाने पुसा, वायर सैल गुंडाळा, पिनेपाशी दुमडू नका. वायर तुटते ती तिथेच.

तर सख्यांनो, पुढच्या बैठकीला एक काम करा. घरोघरी पडलेले इअरफोन गोळा करून आणा, नवीन काही घेऊ नका. एकीने बोलायचं, एकीने दाराशी बसायचं, बाकीच्यांनी चुका मोजायच्या. बऱ्याच गटांना माईक विकत घ्यावाच लागणार नाही. ज्यांना लागेल, त्यांना काय मागायचं ते दुकानात पाय ठेवण्याआधी ठाऊक असेल. आणि आपल्यातल्या एकीने भरवशाने सांगितलेली गोष्ट वहीतच राहील.