बाळ दूध पिताना पाहा



2020 साली टाळेबंदीच्या काळात अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव देशभर पोचले. कोरोनाच्या भीतीने नर्मदाकाठच्या पाड्यांवरच्या आया अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा रेलूताईंनी एका मासेमाराकडून होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत त्या पाड्यांवर जाऊ लागल्या. सोबत पोषण आहार आणि वजनकाटा. त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. आज मी बोलणार आहे त्या होडीतल्या काट्याविषयी. इतक्या कष्टाने पाड्यावर पोचलेला काटा आपल्याला काय सांगतो आणि ते आपण नीट ऐकतो का, याविषयी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन-तीन वर्षांचे, दंड वाळलेले मूल येते. त्याच्या दंडाला पट्टी लावायची, घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे. हे काम आवश्यकच आहे. पण त्या मुलाची घसरण बहुधा फार आधी सुरू झालेली असते, कित्येकदा पहिल्या सहा महिन्यांतच. आणि तेव्हा ती फक्त काट्यावरच दिसू शकते.

बाळ जन्मले की पहिल्या काही दिवसांत थोडे वजन उतरते. घाबरू नये. दोन आठवड्यांच्या आत ते भरून निघाले पाहिजे. तिथून पुढे तीन महिने बाळाने दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला 200 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवे. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट. आता समजा, एखाद्या पाड्यावरचे बाळ जन्मताना 2200 ग्रॅमचे होते आणि महिन्याने 2400 भरले. घरचे म्हणतात, वाढलेय की! नोंदवहीतही वाढ दिसते. पण या बाळाने महिन्याअखेर 2600 च्या पुढे जायला हवे होते. ते मागे पडले आहे आणि रडतही नाही, कारण अशक्त बाळाला रडायचेही त्राण नसते. गुणी बाळ, शांत झोपते, असे आजी म्हणते तेव्हा परिचारिकेने आणखी जवळ जाऊन पाहिले पाहिजे.

वजन करतानाची एक गोष्ट सांगते. झोळीच्या टांगत्या काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणा असतात. म्हणजे आठवड्याची सगळी वाढ जेमतेम दोन खुणांची. बाळाच्या अंगावर झबले, ओले लंगोट आणि वर दुपटे राहिले, तर ती वाढ त्यातच बुडून जाते. म्हणून काटा आधी शून्यावर आणायचा, बाळाचे कपडे काढायचे आणि तान्ह्या बाळासाठी शक्य तिथे तबकाचा डिजिटल काटाच वापरायचा.

आणि वजन कमी भरले तर? इथेच आपले काम बहुतेकदा थांबते. आईला सांगितले जाते, दूध पाजत जा गं. ती तर पाजतेच आहे! प्रश्न बाळाच्या पोटात किती जाते हा आहे. म्हणून माझे आशाताईंना आणि परिचारिका भगिनींना आग्रहाचे सांगणे आहे: शेजारी बसा आणि बाळ दूध पिताना डोळ्यांनी पाहा. तोंड मोठे उघडले आहे का? खालचा ओठ बाहेर वळला आहे का? हनुवटी स्तनाला टेकली आहे का? नुसते बोंड तोंडात असेल तर बाळ चोखत राहते, दूध येत नाही, आईला जखमा होतात आणि मग ती पाजायलाच भिते. स्तनाचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. गिळण्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. एक बाजू पुरती रिकामी झाल्यावरच दुसरी द्यावी, कारण शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो आणि वजन त्यावर वाढते. दिवसरात्रीत बाळाला सहा वेळा तरी लघवी होते का, हेही आईला विचारा. मुंबईच्या आयआयटीतल्या डॉ. रूपल दलाल वर्षानुवर्षे बाळ छातीशी धरण्याच्या याच पद्धतीवर भर देत आल्या आहेत. या शिकवणीला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्धा तास लागतो, आणि आईला कळेल ती बोली लागते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईला पुस्तकी मराठीत सांगून काही उपयोग नाही.

पहिला चीक जरूर पाजा. मध, गूळपाणी, घुटी, वरचे पाणी सहा महिन्यांपर्यंत नको. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळ, डाब, मोलगीकडे कडाक्याची थंडी पडते. तिथे कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधा, वरून गोधडी घ्या. ही ऊब शेगडीपेक्षा सुरक्षित आहे, आणि वडिलांनाही ती देता येते.

घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची रीत महाराष्ट्रानेच जगाला दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आणला. 1999 मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचे मूळ तिथे आहे. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या भेटींमध्ये बाळाने दूध सोडले, अंग गार लागले, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

सहा महिने पुरे झाले की आईच्या दुधासोबत घट्ट अन्न. डाळीच्या वरच्या पाण्याने आणि पातळ पेजेने बाळाचे इवलेसे पोट भरते, बळ मात्र येत नाही. आपल्याकडे भगर आहे, तूर आहे, भुईमूग आहे, नदीचे मासे आहेत. चमच्यावरून ओघळणार नाही असा मऊ घट्ट गोळा, त्यात शेंगदाण्याचे बारीक कूट आणि तेल. अंडे द्या. याच वयात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही डोके वर काढतो. आधी जन्माबरोबर आलेले रक्तद्रव्य (हिमोग्लोबिन) बाळाला जपत असते. ते ओसरले की हातापायांचे पंजे सुजतात, डोळे-ओठ फिके पडतात. मुरगळले असेल म्हणून चोळत बसू नका. आईवडील दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक बाळ आजारी असण्याची शक्यता असते. अशा बाळाची तपासणी लवकर करून घ्या, आणि त्याला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना एक विनंती. निघण्याआधी बाळाचे वजन करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड आणि लशींच्या नोंदी सोबत न्या, आणि पोचाल तिथली अंगणवाडी पहिल्याच आठवड्यात शोधून काढा. होळीसाठी काठी गावी किंवा मोलगीला परत आलात की सणाआधी बाळाला काट्यावर ठेवा. इथे वाहन हवे असेल तेव्हा 102 किंवा 108 ला फोन लावा. पैसे लागत नाहीत.